गोल्टी, बिर्याणी आणि नाशिकची पोरं

पुणे-नाशिक रस्त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण चाकणनं सकाळ खाल्ली आणि नारायणगावपर्यंत माझा मूड गेलेला होता. या मार्गावरच्या रेल्वेच्या बातम्या वाचत वाचत माझे केस पिकले. असो, पोचलो.

नाशिकला ताई असते, गंगापूर रोडला. जानेवारी महिना, निफाडचा पारा रोज पेपरात. खरं तर मी हुरडा-मिसळ-द्राक्षं अशा बेतानं गेलो होतो. मिसळ झाली. काळ्या मसाल्याची चव अजून तीच आहे, पण आता मिसळीसोबत झोपाळे, ससे, बदकं आणि लहान मुलांची आगगाडी कशासाठी लागते ते मला कळत नाही. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहिले, छान होते. वायनरीत शनिवारी जाऊ नका, एवढंच सांगतो.

हे सगळं लिहायला बसलो ते मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे. भाचीच्या कॉलेजात स्पर्धा होती आणि "मामा, टाळ्या वाजवायला तरी ये" म्हणून ती मला घेऊन गेली. विषय होता, जिल्ह्याचा पूर्व भाग पुन्हा कसा उभा करायचा. नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना गोदावरी, द्राक्षमळे आणि आता सिंहस्थाची तयारी दिसते. पण इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या येवला-नांदगावात जेमतेम पाचशे. मनमाडला इतकं मोठं जंक्शन, पण घरच्या नळाला पाणी कधी येईल याचे दिवस वर्षानुवर्षं मोजावे लागले. विषय चांगला होता.

पहिला गट, अ‍ॅप. दुसरा गट, अ‍ॅप, फक्त रंग हिरवा. तिसऱ्यांनी ड्रोन आणला होता, तो खरोखर उडाला आणि सभागृह वेडं झालं. माझी भाची चौथ्या गटात होती. तिचं येवल्याचं पर्यटन होतं. तात्या टोपेंचं जन्मगाव, 1935 साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते ठिकाण, पैठणीचे माग आणि वरून शिर्डीला जाणारी गर्दी. म्हणणं बरोबर होतं, पण ती फार भरभर बोलली. तिला तसं सांगितलंही. ती दोन तास बोलली नाही.

मग तिघं आले. लासलगावकडचा एक मुलगा, मालेगावची एक मुलगी आणि एक जण जो शेवटपर्यंत फक्त कागद धरून उभा होता. स्लाइड नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर हातानं काढलेला जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर बाण. लाल बाण बाहेर जाणारे, निळे आत येणारे. मुलगी म्हणाली, "मालेगावात लाखांनी यंत्रमाग आहेत, पण बरंचसं कापड कोरंच बाहेर जातं. रंगवणं-छपाई होते पाली-बालोत्र्याला, राजस्थानात. कापड आमचं, रंगाचा पैसा तिकडे." मुलगा म्हणाला, "कांदा आमचा, वाळवण्याचे कारखाने गुजरातेत महुव्याला." आणि मग येवल्यावर बोट ठेवून, "इथं बाण उलटे आहेत. रेशीम बंगळुरूकडनं येतं, जरतार सुरतेहून येते आणि तयार पैठणी घ्यायला लोक गावात येतात. येवल्याला जे जमलं ते बाकीच्यांना का नाही?"

मी सरसावून बसलो. इतकी वर्षं या रस्त्यानं जातोय, हे असं बाण काढून मला कुणी दाखवलं नव्हतं.

त्यांची योजना अगदीच साधी होती. जानेवारीतला लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, भरून ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो, मिळेल त्या भावाला. त्यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तर जवळपास फुकटच जातो. ती गोल्टी बचत गटांनी घ्यायची आणि वाळवायची.

परीक्षकांपैकी एक तरुण गृहस्थ, जॅकेट, गळ्यात बिल्ला, यांनी विचारलं, "पण यात टेक्नॉलॉजी कुठाय?"

मुलगा गोंधळला नाही. "सर, वाळवण आहे. आमच्या आजीच्या वेळेपासून आहे."

सभागृह हसलं. त्याला हसलं की गृहस्थांना, माहीत नाही. "आणि हे स्केल कसं होणार?" पुन्हा तेच. मला उठून सांगावंसं वाटत होतं की बाबा रे, लासलगावला वर्षाला कांदा किती येतो ते बघून ये, स्केलची काळजी तू नको करूस. ताईनं बाही धरली.

खरा प्रश्न विचारला तो दुसऱ्या परीक्षकांनी. धोतर-टोपी, शेतकरी कंपनी चालवणारे. "पोरांनो, वाळवायला पांढरा कांदा लागतो. त्यात पाणी कमी. म्हणून जळगावकडे पांढरा करार करून लावतात. आपल्या लालमध्ये पाणीच पाणी, दहा किलोचा किलोभर तरी राहील का? आणि रंग पण काळपट. कोण घेईल?"

आता मात्र मुलगा गप्प. नकाशा धरणारा खाली बघायला लागला. आणि मालेगावची मुलगी म्हणाली, "काका, मग वाळवायचा नाही. तळायचा."

"काय?"

"तळलेला कांदा, बिर्याणीवर घालतात तो. तो लालच व्हायला पाहिजे ना? आमच्याकडे लग्नाच्या एका जेवणाला किती कांदा तळतात, तुम्ही या एकदा. माझे मामू लग्नाचा स्वयंपाक धरतात. पहाटे तीनला माणसं फक्त कांदा चिरायला बसवतात. चिरून-तळून तयार मिळाला तर ते उद्या घेतील."

टोपीवाले काका पाच-दहा सेकंद तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गोल्टी सोलायला वेळ जातो. मजुरी धरलीस का?" तिनं धरली नव्हती. पण ते विचारत होते ते धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं. त्या सगळ्या कार्यक्रमात दोन माणसं एकमेकांशी खरंखुरं बोलली ती तेवढीच.

बक्षीस ड्रोनला मिळालं.

मी त्या मुलाला गाठून म्हटलं, मला लिलाव दाखव. सोमवारी निफाड-विंचूर करत लासलगावला गेलो. ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकतो, मूठभर कांदे उचलतात, बोली, संपलं. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल मिनिटाच्या आत लागतो. पाठोपाठ एका गोल्टीच्या ट्रॉलीला चांगल्या मालाच्या निम्मासुद्धा भाव लागला नाही. मालक काही बोलला नाही, पावती घेऊन निघाला.

मुलाच्या वडिलांना मी उत्साहानं तळलेल्या कांद्याचं सांगितलं. चहा ओतता ओतता ते म्हणाले, "करू ना दादा. तळू, वाळवू, काय म्हनाल ते करू. पन 2023 च्या डिसेंबरात एका रातीत निर्यात बंद केली, सकाळी माल ट्रॉलीत. मे महिन्यात उघडली ती चाळीस टक्के शुल्क लावून. ते पुरतं निघायला 2025 चा एप्रिल उजाडला. आता पोरगं म्हनतं मशीन घ्यायचं, कर्ज काढू. कर्जाचा हप्ता तर नाही ना थांबत निर्यातीसारखा?"

याला पुठ्ठ्यावर बाण नव्हता. मुलानं तो तिथंच पेनानं काढला, दिल्लीकडून येणारा, आणि वडील पहिल्यांदा हसले.

परतीच्या आधी येवल्याला डोकावलो. ताईला पैठणी घ्यायची होती, घेतली नाही, चार दुकानांत चहा मात्र घेतला. आतिथ्यात येवलेकरांना तोड नाही आणि आग्रहातही नाही. बाहेर पडायला संध्याकाळ झाली, मग सिन्नर, संगमनेर, आणि चाकण पुन्हा.

मागच्या आठवड्यात भाचीनं कुरिअरनं एक पुडा पाठवला. त्या तिघांचा पहिला घाणा. थोडा करपलेला होता आणि तेल राहिलं होतं, तसं कळवलं. मुलीचं उत्तर आलं, तेल निथळायला जाळी बदलतोय, मामूंनी एका लग्नासाठी पन्नास किलो सांगितलाय, पण सोलायच्या मजुरीचं गणित अजून बसत नाही, टोपीवाल्या काकांचा नंबर कुणाकडे आहे का?