सगळेच कडेचे तुकडे

नाताळच्या दुपारी नाशिकमधल्याच शरणपूरहून मावशींचं ताट येतं. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, चकल्या, शेव, रव्याचे लाडू आणि एका बाजूला अंग चोरून बसलेले केकचे चार तुकडे. दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे जातो तोच फराळ, दीड-दोन महिन्यांनी माहेरी आल्यासारखा परत येतो. मावशी आणि आई एकाच शाळेत शिकवायच्या, तेव्हापासूनची ही ये-जा. शरणपूरची वस्ती मिशनऱ्यांनी १८५४ साली वसवली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत लंडनला गेला, १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालला. हे मावशी दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हो?" म्हणतो.

ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. आई त्यात मूठभर साखर घालते. करंज्यांच्या बदल्यात साखर हा व्यवहार मला लहानपणापासून लाजिरवाणा वाटत आलाय. म्हणून यंदा मी जाहीर केलं, की ताटात चॉकलेट बार्क जाईल.

"बार्क?" बाबांनी पेपर खाली केला. "तुर्भ्याचं?"

अणुभट्टीचा काही संबंध नाही, हे त्यांना पटवून झाल्यावर मी सांगितलं, की बार्क म्हणजे झाडाची साल. चॉकलेट वितळवायचं, बटर पेपरवर पातळ पसरायचं, वर सुकामेवा भुरभुरायचा, गोठलं की हाताने मोडायचं. साचा नाही, सुरी नाही. इतकं सोपं, की लहान मुलंसुद्धा करतात.

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

सामान घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, कंपाउंड न्या. डोक्याला ताप नाही." कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. ते निमूटपणे वितळतं, निमूटपणे गोठतं आणि खाताना टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. मी बाणेदारपणे खरं, कोको बटरवालं डार्क चॉकलेट घेतलं. अर्धा किलो. किंमत आईला अजून सांगितलेली नाही.

पहिला घाणा पाण्याच्या एका थेंबाने गेला. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर चॉकलेटचं भांडं ठेवलं होतं. ढवळायचा चमचा धुऊन घेतला, पण पुसला नाही. आरशासारखं चमकणारं चॉकलेट बघता बघता चिखलाच्या ढेकळांसारखं झालं. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण चरबीत तरंगत असतात. थेंबभर पाणी मिळालं की ते पाण्याला धरून एकमेकांना चिकटतात. गंमत अशी, की पाणी वाटीभर घातलं तर काही बिघडत नाही, छान सैलसर सॉस होतो. थेंबाचंच वावडं. त्या ढेकळांवर मी गरम दूध ओतलं आणि सगळ्यांना पेला पेला प्यायला दिलं. बाबांनी दोन पेले घेतले आणि "जमलं की!" म्हणाले. त्यांना वाटलं, हेच बार्क.

दुसरा घाणा दिसायला झकास झाला. रात्री बारापर्यंत तरी. सकाळी बघते तर जुन्या भिंतीला लोणा फुटावा तसे वर पांढरे डाग, आणि मोडायला गेले तर कट् आवाज नाही, नुसता वाकला. बुरशी नव्हती ती. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तोच चमकतो, तोच कडकन तुटतो, आणि साधारण ३४ अंशांना वितळत असल्यामुळे ३७ अंशांच्या तोंडात गेला की विरघळतो. वितळवून तसंच गोठू दिलं तर वेडेवाकडे प्रकार तयार होतात आणि चरबी पृष्ठभागावर येऊन बसते. म्हणून डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत न्यायचं, मग २७-२८पर्यंत उतरवायचं, मग पुन्हा ३१-३२पर्यंत चढवायचं.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. "म्हणजे पाकच की," ती म्हणाली. "एकतारी, दोनतारी. फक्त हा मेला उतरवून परत चढवायचा." थर्मामीटरचं पान तिने ऐकूनच घेतलं नाही. तिने आयुष्यभर तार दोन बोटांत बघितली आहे.

थर्मामीटर माझ्याकडेही नव्हता. मग एक सोपी युक्ती केली. चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग वितळवला, खाली उतरवला आणि उरलेला तिसरा भाग बारीक चिरून थोडा थोडा त्यात घालत ढवळत राहिले. न वितळलेल्या चॉकलेटमध्ये तो पाचवा प्रकार आधीच असतो. दह्यासाठी विरजण लावावं तसं ते बाकीच्याला वळण लावतं. तयार झालं की नाही हे बघायचं खालच्या ओठाला टेकवून: किंचित गार लागलं पाहिजे. आई हे बघत होती. बोट आणि ओठ, एवढाच काय तो दोन पिढ्यांमधला फरक.

आणि खरी मदत केली ती नाशिकच्या थंडीने. डिसेंबरात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी येते तेव्हा आमचं स्वयंपाकघरही काही मागे नसतं. सकाळी कडप्प्याच्या ओट्यावर हात ठेववत नाही. चॉकलेटवाले संगमरवरावर पसरून चॉकलेट गार करतात, ते काम आमच्या कडप्प्याने फुकटात केलं. मुंबईच्या बहिणीला फोन करून मी हे मुद्दाम ऐकवलं. एरवी ती समुद्र ऐकवते.

वर काय घालायचं यावर घरात सभा भरली. लेकाला ताजी द्राक्षं हवी होती, द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून. पण द्राक्ष म्हणजे पाण्याची पिशवीच, आणि पाण्याशी माझं नुकतंच वाजलेलं. तेव्हा बेदाणे घेतले. भाजलेले बदाम, काजूचे तुकडे, खलबत्त्यात जरासं चेचलेलं जाडं मीठ. मिठाला आई "शी!" म्हणाली, पण कैरीवर घालतोच ना? एका कोपऱ्यात मी गुपचूप चिवडा पेरला. नाशिकचाच, तळलेला कांदा आणि लसूण वेचून काढून. चॉकलेटमध्ये ओलावा नसल्यामुळे पोहे कुरकुरीत राहतात. आधी गोड, मग खारट, आणि घशाशी उशिरा पोचणारी मिरची. बदामाचा भाग सगळ्यांनी वाखाणला आणि संपला मात्र चिवड्याचा कोपरा.

आता मोडायची वेळ आली, आणि खरा विरोध तेव्हा सुरू झाला.

आईच्या वड्या म्हणजे भूमितीचा पेपर. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापायच्या, गरम असतानाच रेघा मारायच्या, सगळ्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या, एकीला झाकावं तर दुसरी उघडी पडू नये. ताट गोल असल्यामुळे कडेला वेडेवाकडे तुकडे उरायचे. ते आमचे. अख्ख्या वड्या डब्यात, पाहुण्यांना. बाबा तर नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला १९२८पासून नोटा छापतात आणि तिथे काप वाकडा गेला तर त्याला नोट म्हणत नाहीत. ते पट्टी घेऊनच आले. खरोखर, लेकाच्या कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी. "मधोमध एक रेघ तरी मार," म्हणाले.

मी दोन्ही हातांनी चॉकलेट उचललं आणि मोडलं. कट्! काय आवाज होता तो! लेकाने टाळ्या वाजवल्या. आईचा चेहरा मात्र काचेचं भांडं फुटल्यासारखा. तिच्या भाषेत वडी मोडली म्हणजे फसली. फसलेली वडी घरात खायची किंवा चुरून लाडू वळायचे, ती परक्याच्या ताटात घालायची नाही. इथे तर सगळीच्या सगळी मोडायची, तीही आपण होऊन. एक तुकडा त्रिकोणी, एक कोकणच्या नकाशासारखा, एकावर तीन बदाम तर शेजारच्यावर एकही नाही. मी तिला म्हटलं, "आई, यात मधल्या वड्याच नाहीत. सगळेच कडेचे तुकडे." ती काही बोलली नाही. पण मी ताट पुसत होते तेव्हा तिने तुकडे एकेक उचलून निवडले, त्यातल्या त्यात सरळ बाजूचे वर रचले आणि नकाशे खाली दडवले.

संध्याकाळी स्कूटरच्या पुढच्या जागेत ताट ठेवून शरणपूरला गेले. मावशी घरी नव्हत्या, चर्चमधून परस्पर नातेवाइकांकडे गेलेल्या. दारात त्यांचा नातू होता, त्याच्या हातात ताट देऊन आले.

रात्री साडेनऊला फोन आला. ताटात साखर नाही हे बघून त्यांना फार बरं वाटलं होतं. चॉकलेट आवडलं, त्यावर मीठ कसं काय हेही विचारून झालं. मग आवाज जरा खाली आणून, आजूबाजूला कुणी ऐकू नये अशा बेताने त्या म्हणाल्या, "अगं, एवढ्या मेहनतीने केलंस, आणि वाटेत सगळं फुटलं गं. एक वडी म्हणून अख्खी राहिली नाही. मी घरात कुणाला बोलले नाही. पण त्या खड्ड्यांतून स्कूटर जरा हळू चालवत जा."

मी "हो, मावशी," म्हटलं.