खडा गेला, स्टेंट राहिला

मूतखड्याच्या शस्त्रक्रियेची सगळी भीती मी आधीच वाटून घेतली होती, पण दुर्बिणीतून लेझरने खडा फोडण्याचा भाग भुलेत उरकला आणि त्यातले काहीच आठवत नाही. खरी परीक्षा पाहिली ती नंतरच्या डीजे स्टेंटने.

जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची आणि वीतभराहून थोडी लांब अशी ही मऊ नळी मूत्रवाहिनीत बसवतात. तिचे एक वेटोळे मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात राहते, त्यामुळे ती जागची हलत नाही. खडा फोडताना मूत्रवाहिनीला आतून सूज येते, खड्याचा कच किंवा रक्ताची गुठळी अडकू शकते. अशा वेळी लघवी मूत्रपिंडात तुंबू नये, म्हणून ही सोय.

सोय खरी, पण सोसावी लागते. खालचे वेटोळे मूत्राशयाच्या अस्तराला घासत राहते, त्यामुळे लघवी करून यावे तोच पुन्हा लागल्यासारखे वाटते आणि शेवटच्या थेंबांना ओटीपोटात कळ येते. त्याहून चमत्कारिक म्हणजे लघवी करतानाच कमरेत, थेट मूत्रपिंडाच्या जागी, दुखते. एरवी लघवीला वर जाऊ न देणारी मूत्रवाहिनीच्या तोंडाची रचना स्टेंटमुळे उघडी राहते आणि मूत्राशय आकसताना थोडी लघवी उलटी चढते. हे कारण कळल्यावर दुखणे थांबले नाही, धास्ती तेवढी गेली. जिने चढले की लघवी लालसर, पाणी पिऊन पडून राहिले की फिकट, हेही नेहमीचेच. टॅमसुलोसिनच्या गोळीने बऱ्याच जणांना आराम पडतो. मला तो रात्रीपुरता पडला. मात्र थंडी वाजून ताप आला, मोठ्या गुठळ्या पडल्या किंवा लघवीच अडली, तर घरी थांबू नये.

स्टेंट काढणे हे बधिर करणारी जेली, दुर्बीण आणि बारीक चिमटा एवढ्यावर काही मिनिटांत होणारे काम आहे, जरी त्यानंतर काही तास कळा येऊ शकतात. तो बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत काढतात. पण त्रास अंगवळणी पडला की काही जण परत जातच नाहीत. महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात आणि मग तो सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर स्टेंट काढण्याची तारीख गोळ्यांच्या यादीखाली, सहीला खेटून, बारीक अक्षरांत होती. ती सर्वांत वर ठळक छापायला काय हरकत आहे?