स्नोमोबिलच्या ट्रॅकचा ताण घरच्या घरी: माझा अनुभव

ट्रॅक बोटांनी खाली ओढून ‘बरोबर वाटतोय’ म्हणणं, यासारखी फसवी तपासणी नाही. ओंटारिओतल्या हिवाळ्यात, उणे १५ अंशांच्या गॅरेजमध्ये रबर एवढं ताठरतं की सैल ट्रॅकही घट्ट लागतो. म्हणून मी आधी दहाएक मिनिटं गाडी मऊ बर्फावर फिरवून आणतो, मगच मोजपट्टी हातात घेतो. (गुलमर्गला किंवा सोलंगला जिला स्नो स्कूटर म्हणतात तीच ही गाडी. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, म्हणजेच ट्रॅक.)

मागचा बंपर उचलून गाडी भक्कम स्टँडवर चढवायची. ट्रॅक जमिनीपासून सुटलेला आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबलेलं हवं. गाडीचा भार त्यावर राहिला तर पुढचं सगळं मोजणं वाया. रेल (ट्रॅकच्या आतले लांब धातूचे दांडे) आणि चाकांच्या मधला बर्फ खरवडून काढतो, कारण तिथे गोठलेला गोळा ट्रॅक ताणून धरतो. त्याच वेळी चाकं हाताने फिरवून बेअरिंग खरखरत नाहीत ना, हेही कळतं.

आता माप. किती वजन, कुठे टांगायचं आणि त्यावर किती झोळ (म्हणजे ट्रॅक रेलपासून किती खाली लोंबतो), हे तिन्ही आकडे एकत्रच खरे. स्की-डू या ब्रँडच्या अनेक मॉडेलना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध ७.३ किलो वजन टांगून रेलखालची पट्टी आणि ट्रॅकची आतली बाजू यांत ३० ते ३५ मि.मी. अंतर लागतं. पोलारिस या दुसऱ्या ब्रँडच्या बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढे सुमारे ४० सें.मी.वर ४.५ किलो, आणि अंतर साधारण २२ ते २८ मि.मी. एकाचं वजन आणि दुसऱ्याचा झोळ अशी खिचडी करू नये. शेवटचा शब्द आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेचा. वजनासाठी भारतवारीच्या बॅगा तोलायचा लटकता काटा झकास चालतो. ट्रॅकवरून पट्टा घालून त्यात हूक अडकवायचा, आकडा आपल्या मॉडेलच्या वजनावर येईपर्यंत खाली ओढायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. माप दोन्ही बाजूंना घ्यायचं.

ताण बदलायची रचना स्प्लेंडरची चेन ताणण्यासारखीच आहे. इंजिन बंद, किल्ली काढलेली. मागच्या आसाचे बोल्ट फक्त ढिले करायचे, काढायचे नाहीत. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच, पाव पाव फेरा फिरवायचे आणि दर वेळी पुन्हा मोजायचं. एकाच बाजूला जोर दिला की झोळ जमतो, पण ट्रॅक तिरका धावू लागतो.

सैल ट्रॅकचा त्रास कानाला कळतो. जोरात रेस दिली किंवा ब्रेक दाबला की स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे) दात ट्रॅकच्या लगवरून, म्हणजे आतल्या उंचवट्यांवरून, उडी मारतात आणि खाड्‌खाड् आवाज येतो. लग त्यातच तुटतात. घट्ट ट्रॅक मात्र आवाज न करता खातो. रेलखालची प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे हायफॅक्स, लवकर झिजते, बेअरिंगवर ताण येतो आणि गाडी जड चालते. ही पट्टी थंड राहते ती बर्फामुळे. नुसत्या कडक आइसवर ती तापून वितळू लागते, आणि जास्त घट्ट ट्रॅक त्यात भरच घालतो. मी ताण पुस्तिकेतल्या मर्यादेत, पण सैल टोकाकडे ठेवतो.

ताण जमला की रेषा, म्हणजे ट्रॅक सरळ मधोमध धावतो का, ते बघायचं, आणि हाच घाईत टाळला जाणारा भाग. गॅरेजचं दार सताड उघडं, मागे कुणी नाही, सैल कपडे आवरलेले. ट्रॅकमधून सुटलेला खडा गोळीसारखा येतो. इंजिन सुरू करून ट्रॅक अगदी हळू काही फेरे फिरवायचा आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यायचा. मग इंजिन बंद करून ट्रॅकवरच्या धातूच्या क्लिपा आणि हायफॅक्सची कड यांतलं अंतर दोन्हीकडे बघायचं. ट्रॅक सैल बाजूकडे सरकतो. डावीकडे सरकला असेल तर डावा अ‍ॅडजस्टर पाव फेरा घट्ट, उजवीकडे तर उजवा. पुन्हा फिरवून बघायचं.

रेषेसाठी फिरवलेला अ‍ॅडजस्टर ताणही बदलतो, त्यामुळे झोळ परत मोजावाच लागतो. मग आसाचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळायचे, आणि आवळताना आस किंचित हलतो म्हणून रेषेवर आणखी एक नजर. नवा ट्रॅक सुरुवातीला ताणला जातो, तेव्हा त्याचं माप पहिल्या काही फेऱ्यांनंतर लगेच घ्यायचं. नवी हायफॅक्स बसवल्यावरही तेच. ती झिजलेल्या पट्टीपेक्षा जाड असल्याने जुन्या जागीच ठेवलेला ट्रॅक घट्ट होऊन बसतो.