राउटरचा बेत

दोन-अडीच हजारांत बरा राउटर मिळतो. खोका उघडायचा, वायर खोचायची, पासवर्ड टाकायचा, झालं. तरीही रात्री जेवणं आटोपली की मी वही घेऊन चौकटी आणि बाण काढत बसतो. लिनक्स ही फुकट, खुली संगणकप्रणाली घालून स्वतःचा राउटर करायचा आहे.

लागतं फार थोडं. एक जुना संगणक आणि नेटवर्कची दोन पोर्टं: एकात फायबरच्या डब्याची वायर, दुसऱ्याच्या पलीकडे घर. माळ्यावरचा डेस्कटॉप लगेच डोळ्यांपुढे येतो, पण राउटर रात्रंदिवस चालतो. साठ वॅट खाणारा डेस्कटॉप महिन्याला ४३ युनिटं जाळेल, दहा वॅटचा थिन क्लायंट सातच. ऑफिसांनी मोडीत काढलेले हे छोटे डबे जुन्या बाजारात मिळतात आणि बऱ्याच जणांना पंखाही नसतो. पोर्ट मात्र बहुधा एकच, म्हणून यूएसबीचं दुसरं लावायचं.

मग मला सर्वांत आवडणारा भाग. लिनक्समध्ये ‘आयपी फॉरवर्ड’ नावाचं एक सेटिंग असतं. त्यापुढचा ० खोडून १ लिहिला की जो संगणक आजवर फक्त स्वतःपुरतं बघत होता, तो इतरांच्या डेटाची पाकिटंही, म्हणजे छोटे तुकडेही, पुढे पोचवू लागतो. एवढ्याने भागत नाही म्हणा. घरातल्या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८ने सुरू होणारे, म्हणजे बाहेर कुणी विचारत नाही असे. तिथे नॅट लागतं, आणि त्याचं काम देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यासारखं: जाताना प्रत्येकाला बिल्ला द्यायचा, परत येणाऱ्याचा नंबर बघून ज्याचं त्याच्या हवाली करायचं. हल्ली नेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या आपल्याकडेही असाच एक स्टॉल लावतात. तेव्हा बिल्ल्यावर बिल्ला चढतो आणि घरातला कॅमेरा बाहेरून बघायची हौस बारगळते.

हा खटाटोप नवा नाही. २००२च्या अखेरीस लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. त्याच्या पोटात लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, जीपीएल परवान्यावर, म्हणजे कोड खुला ठेवायच्या लिनक्सच्या अटीवर, बोट ठेवलं आणि २००३मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं तयार लिनक्स, सुरू झालं. मीही तेच घालणार आहे. सगळं हाताने लिहिण्यात जास्त मजा आहे, पण ती मजा एकट्याची. नेट सगळ्यांचं.

खरी गरज विचाराल तर रांगेची आहे. मुलीचा फोन दीडशे फोटो क्लाउडवर चढवायला लागला की बायकोची मीटिंग अडखळते. लाइन १०० एमबीपीएसची, तरीही. कारण अपलोडची पाकिटं वाटेतल्या डब्यात तुंबून राहतात आणि बोलण्याची चिमुकली पाकिटं त्यांच्या मागे ताटकळतात. लिनक्समध्ये यावर ‘केक’ नावाचा उपाय आहे, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ४.१९ आवृत्तीपासून आतच. त्याला वेग मुद्दाम जरा कमी सांगायचा, ९० वगैरे. मग गर्दी कंपनीच्या डब्यात होण्याऐवजी आपल्या दारात होते, आणि आपल्या दारात कुणाला आधी सोडायचं हे आपण ठरवतो. दहा एमबीपीएस सोडून देण्याचा हा सौदा मला स्वस्त वाटतो.

वायफायचं काम जुन्या राउटरकडेच ठेवणार आहे. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय, तेवढं बंद करायचं, नाहीतर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतील.

वहीतल्या कुठल्याच चौकटीत न बसणारी एक गोष्ट आहे. आजवर नेट गेलं की हेल्पलाइनवर तावातावाने बोलायची सोय होती. आता घरातली हेल्पलाइन मीच. आईने बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “तू गावाला गेलास आणि हे बंद पडलं तर?”

त्यासाठी वहीत नवं पान घेतलंय. अडगळीतला दुसरा राउटर आधीच सेट करून, तेच नाव आणि तोच पासवर्ड घालून टीव्हीमागे ठेवायचा. फायबरच्या डब्याकडून येणाऱ्या वायरीला लाल चिकटपट्टी. डब्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी: लाल वायर काढा, यात खोचा, बटण दाबा, पाच मिनिटं थांबा. आईने वाचून पाहिली आणि ‘पाच मिनिटं’ खोडून ‘मालिका सुरू व्हायच्या आत’ लिहायला सांगितलं.