दुसरी नळी

पश्चिम उपनगरात पावसाळ्यातली रात्रपाळी असली की सर्पदंशाची केस येणार, हे मी धरूनच चालते. त्या रात्री साडेदहाला आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरून १९ वर्षांच्या मुलाला आणलं. साप कुणी नीट पाहिला नव्हता. घोटा सुजलेला, पोटरीवर सुतळी इतकी आवळलेली की मांसात रुतली होती. मनगटाला काळा दोरा. आईच्या मुठीत वाघोबाच्या ठाण्यावरचा अंगारा आणि तिच्यामागे साठीचे भगत. सुतळी आणि दोरा, दोन्ही त्यांनीच बांधलेलं.

आमचा इंटर्न त्यांच्यावर तडकला. ‘‘जादूटोणाविरोधी कायदा माहीत आहे का?’’ साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं २०१३ च्या त्या कायद्याने गुन्हा आहे, हे खरंच. पण मुलाला रिक्षात घालून आणणारे भगतच होते. त्यांनी कुणाला रोखलं नव्हतं. मी इंटर्नला काचेच्या नळ्या आणायला पाठवलं.

तपासणी साधी असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विषाने रक्त गोठवणारे घटक संपतात आणि रक्त पाण्यासारखं वाहतं. पण नळी साबणाने धुतलेली असली तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही. म्हणून मी शेजारी दुसरी नळी ठेवली. तिच्यात माझं रक्त.

‘‘तुमचं कशाला, डॉक्टरीणबाई?’’ आईने विचारलं.

‘‘नळीच खोटं बोलत असेल तर कळायला हवं ना, मावशी.’’

भगत हळूच म्हणाले, ‘‘माझ्या हातून दोघं वाचलेत.’’

‘‘वाचले असतील, बाबा. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कधीकधी विष न सोडताच चावतो. त्या दोघांना कुठला साप चावला होता?’’

ते बराच वेळ नळ्यांकडे बघत राहिले. ‘‘आमच्याकडं अशी दुसरी नळी नसते,’’ म्हणाले.

मी श्रद्धाळू आहे. देवाला हात जोडल्याशिवाय मी घराचा उंबरा ओलांडत नाही. मेडिकलला असताना याची लाज वाटायची. देव घरी, विज्ञान वॉर्डात, अशी वाटणीच करून टाकली होती. ती वाटणी कधी मोडली ते सांगता येणार नाही, पण त्या वीस मिनिटांत माझी नजर घड्याळावर होती आणि मनात नाम चाललं होतं. नामाने त्या मुलाचं रक्त गोठेल असं मला वाटत नव्हतं, तसं मी मागतही नव्हते. जे दिसेल ते नीट दिसावं आणि हात कापू नये, एवढंच मागत होते. यात मला आता काही विसंगत वाटत नाही.

माझं रक्त गोठलं. त्याचं वाहिलं.

सर्पविषरोधक लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते, रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालीन भरून उशाशी ठेवलं. मग सुतळी सोडायला घेतली, हळूहळू, कारण ती एकदम कापली तर अडलेलं विष झटक्यात वर चढू शकतं. इंटर्नने कात्री मनगटाकडेही नेली. मी त्याचा हात धरला. तो दोरा सैल होता, खालून बोट जात होतं, नाडी स्वच्छ लागत होती. आई अंगारा जखमेवर लावायला वाकली, तेव्हा म्हटलं, ‘‘मावशी, कपाळाला लावा. जखमेला काही नको.’’ तिने तसंच केलं.

सहा तासांनी, पहाटे साडेपाचला, पुन्हा रक्त घेतलं. आईला बाकावरच डोळा लागला होता. भगत मात्र नळीसमोर स्टूल ओढून बसले होते. अठराव्या मिनिटाला इंटर्नने हात पुढे केला.

‘‘थांब पोरा,’’ भगत घड्याळाकडे बोट दाखवत म्हणाले, ‘‘अजून दोन मिनिटं हायेत.’’

दोन मिनिटांनी त्याने नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही.