सबस्टेशनशेजारी सौर प्रकल्प: मालक कोण, आणि फिडर पडला तर?

शेतीला दिवसा वीज द्यायची तर सबस्टेशनच्या जवळच सौर प्रकल्प उभारायचा, हे महाराष्ट्रात 2017 पासून चालू आहे. प्रकल्प महावितरणने स्वतः बांधून स्वतःकडेच ठेवावेत, असं म्हणणारेही आहेत. 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 ने दुसरी वाट धरली. सरकारी कंपनी जमीन जमवते, निविदा जिंकणारा प्रकल्प बांधतो आणि चालवतो, महावितरण 25 वर्षं ठरलेल्या दराने, म्हणजे साधारण 3 रुपये युनिटने, वीज घेते.

आमच्या मते हेच बरं. महावितरणच मालक असती तर भांडवल, व्याज, देखभाल असा खर्च वीज नियामक आयोगापुढे जाऊन वीजदरात येतो, आणि पॅनेल धुतले नाहीत म्हणून निर्मिती घटली तरी त्याचा भार ग्राहकावरच पडतो. निविदेच्या पद्धतीत हिशेब सरळ आहे, युनिट नाही तर पैसे नाहीत. पण तारा आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही पद्धतींत महावितरणचेच, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

1 मेगावॉटला 540 वॉटचे साधारण 2,500 पॅनेल आणि चार-पाच एकर जागा लागते. वर्षाला साडेसोळा लाख युनिट धरा. यातलं एकही युनिट फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी 11 केव्हीची लाईन, बंद असताना तयार होत नाही, कारण इन्व्हर्टरला (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राला) समोर चालू लाईन लागते. लाईन गेली की तो लगेच थांबतो. तो थांबला नाही तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाऊ शकतो, म्हणून ही सोय काढता येत नाही. भर दुपारी 2 मेगावॉटचा प्रकल्प तासभर बंद राहिला तर दीड हजारावर युनिट, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये गेले.

लाईन परत येते तेव्हा खरी पंचाईत असते. पंपांना ऑटोस्विच (वीज आली की मोटार आपोआप चालू करणारे) लावलेले असतात, त्यामुळे वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात. थेट स्टार्टरवरची 5 एचपीची मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. इन्व्हर्टर मात्र व्होल्टेज स्थिर आहे का हे पाहत काही मिनिटं थांबून मग जोडला जातो. म्हणजे सर्वांत जड क्षणी सौरची मदत शून्य, सगळा धक्का सबस्टेशनवर. डीपीचा, म्हणजे पंपांजवळच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो किंवा फिडर पुन्हा ट्रिप होतो, आणि लोक म्हणतात, ‘सौर आल्यापासून जास्तच जाते.’ ऑटोस्विच काढला, नाहीतर प्रत्येक पंपाला वेगळी वेळ लावली, तर यातलं बरंच थांबतं.

दुसरं दुखणं कपॅसिटरचं. मोटारींना कामाच्या विजेशिवाय चुंबकत्वासाठी वेगळी, ‘रिअॅक्टिव्ह’ वीज लागते. ती एमव्हीएआर किंवा केव्हीएआरमध्ये मोजतात, आणि कपॅसिटर ती जागेवरच पुरवतो. समजा फिडरवर 2 मेगावॉट लोड आहे आणि मोटारींना 1.5 एमव्हीएआर लागतात. ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही मिळून 2.5 एमव्हीए भार आला. सौरने 1.6 मेगावॉट भरून काढले, पण इन्व्हर्टर फक्त किलोवॉटच देत असेल तर 1.5 एमव्हीएआर अजून सबस्टेशनवरच आहेत. भार उतरतो तो 1.55 एमव्हीए पर्यंतच, आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण भारातला कामाच्या विजेचा वाटा, 0.8 वरून 0.26 वर येतो. मीटर पाहणारा दचकतो, पण बिघाड कुठेच नसतो. उपाय साधा: 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर, तोही चालू असलेला. पंपाच्या पेटीत निम्म्या वेळा तो फुगलेला किंवा सुटलेला सापडतो. सबस्टेशनच्या 11 केव्ही बसवर (सगळे फिडर जिथून निघतात तिथे) कपॅसिटर बँक हवीच, आणि इन्व्हर्टरनेही थोडे केव्हीएआर द्यावेत अशी सेटिंग मागता येते.

पावसाळ्यात उलटं होतं. पंप बंद, ऊन पडलं की वीज मागे फिरते आणि लांबच्या लाईनवर प्रकल्पाच्या टोकाला व्होल्टेज चढतं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर सुटतो. म्हणून लाईनची लांबी आणि कंडक्टर, म्हणजे तार, आधीच पाहावं. 2 मेगावॉटला 11 केव्हीवर 105 अँपिअर वाहतात. 3 किलोमीटरवर ‘रॅबिट’ नावाच्या बारीक कंडक्टरमध्ये भर दुपारी साधारण 55 किलोवॉट जळतात, ‘डॉग’ या जाड कंडक्टरमध्ये निम्मे. मोजणी सबस्टेशनच्या टोकाला होते, त्यामुळे हे नुकसान प्रकल्पवाल्याचं, आणि तरीही स्वस्तातलं कंडक्टर टाकणारे आहेतच.

जमीन भाड्याने देणाऱ्यांसाठी थोडक्यात. हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये किंवा नोंदणी विभागाच्या दराने येणाऱ्या जमिनीच्या किमतीच्या 6 टक्के, यातली जी रक्कम जास्त ती, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आधी गोळा करा, कारण एक सही राहिली की फाईल अडते. वर्ग 2 ची जमीन असेल तर परवानगीचं आधी बघा. काळ्या जमिनीत खांब खोल गाडतात, त्यामुळे मुदत संपल्यावर ते आणि त्यांचं काँक्रीट कोणी उपटून न्यायचं, किती दिवसांत, आणि तोवर भाडं चालू राहणार का, हे करारात स्पष्ट शब्दांत घालून घ्या.