निपात, भाग ६ : हँगर उभे राहिले, वॉटरलाइन रद्द

काका ज्या बोटीवर होते, त्या ‘निपात’ या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटीचं १:७२ मॉडेल वाचनालयासाठी चाललंय. तिचे हँगर, म्हणजे डेकवरच्या क्षेपणास्त्रांच्या पेट्या, चौथ्या खेपेला जमले. डाव्या बाजूचे दोन्ही हँगर चार दिवस टेबलावर तसेच पडून आहेत. शिवण उकललेली नाही, छपराला फुगवटा नाही. उजवीकडचे दोन अजून कापायचेत, पण रीत सापडली.

आधी नकाशासंचाचं. संच भलत्याच बोटीचा असावा, ही मागच्या भागात काढलेली शंका खरी निघाली. पाकिटावर नुसतं ‘ओसा’ (हा सोव्हिएत क्षेपणास्त्र बोटींचा प्रकार) लिहिलंय आणि आत हँगर दाखवलेत गोल नळकांड्यासारखे. ते ओसा-२चे. आपल्या नौदलाकडे १९७१ साली होत्या त्या आठही बोटी ओसा-१. गोल नळकांडीवाल्या आल्या त्या १९७६-७७ला. भानगड क्षेपणास्त्राच्या पंखांची आहे. ओसा-१वरच्या पी-१५चे पंख दुमडत नाहीत, म्हणून त्याला पेटीसारखा ऐसपैस हँगर लागतो. पंख दुमडणारं पी-१५यू आलं तेव्हा नळी पुरली. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात आणि वीरबरोबर कराचीवर गेलेल्या निपातवर नळकांडी चढवली, तर काकांसोबत नोकरी केलेली मंडळी वाचनालयाच्या दारातूनच ओळखतील. पाकिटावर एक ‘२’ छापायला विकणाऱ्याचं काय जात होतं कोण जाणे.

म्हणून मापं क्षेपणास्त्रावरून उलटी काढली. पी-१५ची लांबी ५.८ मीटर, पंखांचा विस्तार २.४ मीटर. १:७२ला ते होतात ८०.६ आणि ३३.३ मिमी. हँगरची आतली रुंदी ३४ धरली, १ मिमीच्या भिंती धरून बाहेरून ३६. दोन बाजूंचे मिळून ७२. बोटीची रुंदी ७.६ मीटर, म्हणजे १०५.६ मिमी, मधल्या बांधकामाला साडेतेहतीस उरतात. डेकवर कागदी पेट्या ठेवून पाहिल्या, बसतात. मागची जोडी पुढच्यापेक्षा जास्त तिरकी हवी, नाहीतर मागचं क्षेपणास्त्र पुढच्या हँगरवर जाऊन आदळेल. पुढे १२ अंश, मागे १५. तीन अंशांचा फरक नजरेला पुरेसा दिसतो. पुढच्या आणि मागच्या हँगरखाली एकच पाचर वापरू नका.

आता छप्पर. वरच्या कडा गोलसर आहेत आणि सगळा छळ तिथेच झाला. पहिल्या खेपेला १ मिमी स्टायरीन (प्लास्टिकचं शीट) लाकडी साच्यावर वाकवून उकळत्या पाण्यात धरलं. आकार आला, पण शीटने दोन दिवसांत अंग सोडलं आणि तळाची शिवण उघडली. दुसऱ्या खेपेला तीच शिवण सुपरग्लूने दाबली. पॉलिश पेपर फिरवताना कटकन सुटली. सुपरग्लू ओढ सहन करतो, सोलणं नाही. तिसऱ्या खेपेला ०.५ मिमीचे दोन थर, मध्ये पातळ सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा डिंक. सुरेख झालं होतं! आठवड्याने छपरावर बोटाच्या पेराएवढे दोन फुगे. मोठ्या पृष्ठभागामध्ये अडकलेल्या सॉल्व्हंटला बाहेर पडायला वाटच नसते, तो आतून प्लास्टिक मऊ करत बसतो. त्यावर पुट्टी चढवली असती तर दुखणं महिनाभराने वर आलं असतं.

चौथी खेप अशी: आतल्या थराला दर १० मिमीवर ०.८ मिमीचं भोक. दोन्ही थर आधी साच्यावर वेगवेगळे गरम करून वळवायचे, पूर्ण गार झाल्यावरच जोडायचे. सिमेंट अख्ख्या पाठीला फासायचं नाही. कडेने आणि मध्ये एक रेघ, बस. टेपने बांधून ४८ तास साच्यावरच. आत १ मिमी शीटचे तीन आडवे पडदे, एक दाराशी, एक मध्ये, एक मागे. छपराला १ मिमीची एकच शीट आपण वापरतो ती बहुतेकदा आळसामुळे, हेही कबूल करायला हवं. कापायला महागडी सुरी लागत नाही, साध्या पेपर कटरचं नवं पातं पुरतं. मात्र दर हँगरला टोक मोडून नवं घ्या. पुट्टीचं उलट, स्वस्तातली आक्रसते. तिच्या नादी लागू नका.

पुढचा डावा दरवाजा उघडा ठेवायचा आणि आत पी-१५चं नाक दिसू द्यायचं, असं ठरत होतं. त्यासाठी मधल्या पडद्याला ११ मिमीचं भोकही पाडलं. ते करताना ध्यानात आलं, की डेकवरचं सगळं दाखवायची ही धडपड आहे आणि काका तर डेकवर नव्हतेच. ते खाली, इंजिन रूममध्ये. एम-५०३ डिझेल, ४२ सिलिंडरचं, चार हजार अश्वशक्तीचं, अशी तीन. त्यांच्या कामातलं बोटीबाहेर काय दिसतं? तीन शाफ्ट आणि तीन पंखे, तेही पाण्याखाली. वॉटरलाइन मॉडेल, म्हणजे पाण्यावर दिसते तेवढीच बोट, केलं तर नेमकं तेच कापलं जातं.

तेव्हा रेझिनचा समुद्र रद्द. हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) तळाला बाल्साचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे, दोन थर वाढतील आणि बोट दोन पितळी खांबांवर उभी राहील. शाफ्टला २ मिमी पितळी सळी. बाल्सा भोक पाडताना फाटतो, म्हणून त्या जागी आधी पातळ सुपरग्लू मुरवायचा आणि सुकल्यावर १ मिमीपासून चढत जायचं. बाजूच्या दोन भोकांसाठी एकच पुठ्ठ्याचा साचा, एकदा सुलट, एकदा उलट, म्हणजे दोन्हीकडचा कोन जुळतो.

खाली जागा मोकळी झाली, तिथे पदकांऐवजी वहीचं पान येईल. निवृत्तीनंतर काकांनी गावातल्या रक्तदात्यांची वही ठेवली, तिचे रकाने थेट इंजिन लॉगसारखे आखलेले: नाव, गट, शेवटची तारीख, पुढची तारीख. पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२०. मुदत भरली की तांबड्या पेन्सिलीची बारीक खूण. मूळ पान काचेखाली लावू नका, उजेडाने तांबडा आधी उडतो. स्कॅनची आम्लरहित कागदावर प्रत, नावांचा रकाना झाकून. मूळ वही वाचनालयात वापरात आहे, ती तिथेच राहील.

बेस आता ७०० बाय २०० पुरणार नाही, २६० रुंद लागेल. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. सागाची फळी मिळते का बघणं चालू आहे. उजवे हँगर त्यानंतर.